मासे सोडण्याचा कागद

कलकत्त्याच्या आमच्या महिला मंडळाच्या इतिवृत्ताच्या वहीत माझ्यावर एक ओळ लिहिलेली आहे. ‘एका सदस्येने सभेत मंगळसूत्रास हात घालून अशोभनीय वर्तन केले.’ नाव घातलेलं नाही, पण ती मीच. ती वही आता कुठल्या कपाटात असेल कोण जाणे, झुरळांनी खाल्ली असली तर झुरळांना पचो. मला त्या ओळीची लाज तेव्हा वाटली नाही, आता या वयात तर नाहीच नाही. नातवंडांना मी सांगते, बाबांनो, तुमच्या आजीबद्दल कुठे काही छापून आलेलं नाही. हाताने लिहिलेलं हे एवढं एकच आहे, आणि ते खरं आहे.

तर ऐका. मी सातवीपर्यंत शिकलेली, लग्न होऊन थेट बँकेतल्या माणसाच्या बदल्यांमागे फिरायला लागले. नागपूर झालं, जबलपूर झालं, आणि सत्तरीच्या सालांमध्ये आम्ही कलकत्त्याला आलो. श्यामबाजारच्या अलीकडे बँकेची जागा होती, तिसरा मजला. दिवसातून तीनदा वीज जायची, एस्प्लनेडला जमिनीखालच्या रेल्वेसाठी रस्ता खणून ठेवलेला, ट्रॅम कधी येईल ते ट्रॅमलाच माहीत. मराठी बोलायला माणूस मिळेना. मग कुणीतरी मंडळात नेलं. तिथे दोन जातीच्या बायका होत्या. जात म्हणजे ती जात नव्हे हो. एक आमच्यासारख्या, तीन वर्षांनी सामान बांधणाऱ्या. आणि दुसऱ्या तीन-तीन पिढ्या कलकत्त्यातच जन्मलेल्या, ज्यांचं मराठी पुस्तकासारखं शुद्ध आणि भांडण मात्र बंगालीत.

या मंडळाकडे एक निधी होता. जुन्या घराण्यातल्या एका गृहस्थांनी मरताना ठेवलेला. त्याची गंमत अशी की तो कर्जाऊ द्यायचा नव्हता आणि भीक म्हणूनही नव्हता. वर्षातून एकाच कुटुंबाला द्यायचा, मग ते कुठल्याही जातीचं, कुठल्याही भाषेचं असो. पण द्यायचा तो असा भरघोस, की त्या कुटुंबाला पुन्हा कुणाच्या दाराशी उभं राहावं लागू नये. पुढची पिढी त्याच चिखलात रुतू नये. कांबळी वाटणाऱ्या संस्था मी पुष्कळ पाहिल्या होत्या. हे मला आवडलं. मी कार्यकारिणीवर आले ती या निधीपायी, नाटकं बसवण्यात मला रस नव्हता.

आमच्याकडे भांडी-धुण्याला एक बाई यायची. डमडमहून यायची म्हणून घरात आम्ही तिला डमडमवालीच म्हणायचो, आणि ती मला बौदी म्हणायची, बंगालीत वहिनीला म्हणतात तसं. पस्तिशीची असेल. नवरा गोणपाटाच्या गिरणीत होता, गिरणीला टाळं लागलं, आणि पाठोपाठ त्याला छातीचा रोग झाला. सरकारी इस्पितळात पडून होता. घरात तीन पोरं, थोरली मुलगी तेरा वर्षांची. मुलगी आठवीत, आणि वर्गात पहिली-दुसरी यायची. आई मला तिची गणिताची वही दाखवायला आणायची, तिला स्वतःला वाचता येत नव्हतं तरी. मी बघायची आणि मान डोलवायची, मलाही गणित कुठे येत होतं.

ही डमडमवाली रांधायची मात्र असं, की काय सांगू. एकदा मी तापाने पडले तर तिने आमची आमटी केली. तिला आमची आमटी माहीत नव्हती, नुसतं विचारून विचारून केली, आणि आमचे हे दोनदा वाढून घेऊन म्हणाले, “आज तुला ताप आला ते बरं झालं.”

एक दिवस ती म्हणाली, “बौदी, एक तारखेपासून पोरीला कामाला पाठवतेय. सॉल्ट लेकला.”

सॉल्ट लेक तेव्हा म्हणजे वाळू. खाडी बुजवून नवीन वसाहत करत होते, चार-दोन सरकारी बंगले आणि मध्ये कोल्ह्यांनी फिरावं अशी मोकळी जागा. तिथल्या एका घरात चोवीस तासांची मुलगी हवी होती. राहायचं तिथेच, खायचं तिथेच, पंधरा दिवसांनी एक दिवस घरी. बोलणी पक्की झाली म्हणून त्या बाईंनी एक फ्रॉकसुद्धा पाठवला होता. निळा, कॉलरवाला.

“आणि शाळा?”

“माझी आई लोकांची भांडी घासायची. नऊ वर्षांची झाले तेव्हा मला बरोबर न्यायला लागली. मी हिला तेरापर्यंत शिकवलं. तेवढं पुढे गेलो की नाही?” ती हसली. हसली, पण भांडं असं घासत होती की कल्हई जावी.

त्या रात्री मी निधीचा अर्ज लिहून काढला. तिला विचारून, तिच्या तोंडचं. एस्प्लनेडच्या बाजूला हापिसांच्या गल्लीत दुपारी बाबू लोकांना जेवण विकायचं. मोठे टोप, दोन शेगड्या, बसायला बाकं, महिन्याचा तांदूळ, आणि एका मिठाईवाल्याच्या ओट्याचं भाडं. मिठाईवाला तिच्या नात्यातला होता, दुपारी ओटा द्यायला तयार होता. मी अर्जात लिहिलं ‘खानावळ’. काय शिजणार ते लिहिलं नाही. मला सुचलंच नाही, देवाशपथ.

नियमाप्रमाणे मंडळाच्या बायका घर बघायला जायच्या. आमच्या चिटणीसबाई, खजिनदार काकू आणि मी. चिटणीसबाई शाळेत शिकवायच्या. बाई कडक, पण पैशाला स्वच्छ आणि मनाने वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही त्यांना राक्षसीण कराल. त्यांचे वडील वारावर जेवून शिकलेले, सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. “पोटाला चिमटा घेतल्याशिवाय कुणी वर येत नाही,” असं त्या म्हणायच्या, आणि स्वतःही घ्यायच्या. दोन पातळांवर वर्ष काढायच्या.

आम्ही डमडमला पोचलो तेव्हा अकरा वाजले असतील. विटांची एक खोली, वर पत्रा. तिने शेजाऱ्यांकडून दोन खुर्च्या मागून आणल्या होत्या, आणि तिसरी म्हणून तांदळाचा डबा उपडा घालून त्यावर चादर. चुलीवर काहीतरी शिजत होतं. आणि वास. मोहरी आणि मासे. खजिनदार काकूंचा पदर नाकाला गेला तो आम्ही परत बसमध्ये बसलो तरी खाली आला नाही. उपड्या डब्यावर त्याच बसल्या होत्या, आणि बसल्या होत्या म्हणजे नुसत्या टेकल्या होत्या.

चिटणीसबाईंनी सगळं विचारलं. इस्पितळाचा कागद बघितला, मुलीचं प्रगतिपुस्तक बघितलं, वह्या उघडून अक्षर बघितलं. “अक्षर छान आहे,” असं त्या मराठीत म्हणाल्या आणि मी बंगालीत सांगितलं. मला वाटलं, झालं काम. निघताना त्यांनी टोपावरचं झाकण जरा सरकवून आत पाहिलं. आणि बसमध्ये मला म्हणाल्या, “वहिनी, या घरात मासे शिजतात.”

“हो, बंगालीच ते.”

“आपण आठवड्यातून एकदा फ्लॉवर घेताना दहादा विचार करतो. यांना मासे परवडतात?”

खजिनदार काकू पदराआडून म्हणाल्या, “जीभ आवरत नाही म्हणून दारिद्र्य हटत नाही.”

आता मी तुम्हाला सांगते ती माझी चूक. मी तेव्हा काहीच बोलले नाही. मला स्वतःला कांदा-लसणाच्या पुढे काही माहीत नव्हतं. मासे म्हणजे चैन, सणासुदीचं, शौकिनांचं, असंच माझ्या डोक्यात. त्या टोपात काय होतं ते मला पुढे कळलं. बाजार उठताना मासेवाल्याकडे उरतात ती डोकी, काटे आणि कातडं, मुळ्याच्या पाल्याबरोबर. भाजी घेण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. पण ते तेव्हा मला कुठलं ठाऊक.

पुढच्या बैठकीला अध्यक्षबाई मुलीकडे पाटण्याला गेलेल्या. चिटणीसबाईंनी तोड काढली. अर्ज फेटाळायचा नाही, मुलगी हुशार आहे. पण बाईने एका कागदावर लिहून द्यायचं: ‘अनुदान मिळाल्यापासून एक वर्षापर्यंत मी घरात मासे आणणार नाही, रांधणार नाही व खाणार नाही, आणि वाचलेला पैसा मुलांच्या शिक्षणाला लावीन.’ खाली अंगठा.

‘एक वर्षापर्यंत’ हे शब्द माझे. त्या ‘यापुढे’ लिहीत होत्या, मी म्हटलं, अहो निदान मुदत तरी घाला. मला वाटलं मी तिची बाजू घेतली. घरी येताना मी खूश होते. वर्षभर मासे सोडायचे आणि जन्माचं कल्याण, आपल्याकडे बायका सोळा सोमवार करतात की, असा हिशेब.

दुसऱ्या दिवशी ती पाट्यावर माझं वाटण वाटत बसली होती तेव्हा मी तिला कागद वाचून दाखवला. माझ्या मोडक्या बंगालीत. ती आधी हसायलाच लागली.

“बौदी, मग बाबू लोकांना वाढू काय? तुमची ज्वारीची भाकरी?”

“दुकानाचं मी बघते गं, ते बोलता येईल. हे घरचं आहे. तुझ्या घरी मासे करायचे नाहीत.”

“घरी?”

“घरी.”

“मी खायचे नाहीत?”

“वर्षभर. वर्षाचंच आहे.”

तिचा वरवंटा थांबला. तिने हात धुतले. सावकाश, कोपरापर्यंत. मग पदराने पुसले आणि मनगटावरच्या बांगड्या सारख्या केल्या, तिकडच्या सवाष्णी घालतात त्या, एक शंखाची पांढरी, एक लाल, एक लोखंडाची. आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “तो अजून जिवंत आहे, बौदी.”

एवढं बोलून ती गेली. वाटण अर्धं पाट्यावरच.

मी खुळ्यासारखी उभी. कोण जिवंत आहे? म्हणजे नवरा हे कळलं, पण त्याचा माशाशी काय संबंध? आमच्या वरच्या मजल्यावर एक बंगाली म्हातारी राहायची. पांढरं पातळ, बिनकाठाचं, आणि चूल सुनेपासून वेगळी. मी तो कागद घेऊन वर गेले आणि घडलं ते सांगितलं. म्हातारीने तांदूळ निवडत ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मी मासा शेवटचा कधी खाल्ला, माहीत आहे? बावीस वर्षांची होते. सकाळी खाल्ला, दुपारी तो गेला. त्या दिवसापासून माझ्या ताटात मासा नाही. आमच्यात बाई मासा सोडते ती नवरा गेल्यावरच. सवाष्णीने खायचाच असतो, तो जगावा म्हणून.” तिने एक खडा बाजूला टाकला. “माझ्या सासूने निदान तो मरायची वाट तरी बघितली. तुम्ही मरायच्या आधीच सांगायला गेलात?”

जिना उतरताना मी पायरीवर बसले. इस्पितळात नवरा खोकतोय, आणि त्याच्या बायकोला मी, रोज कुंकू लावणारी, दर शुक्रवारी सवाष्णीची ओटी भरणारी, मी जाऊन म्हणते की पांढरी हो, एकच वर्ष हो, आम्ही पैसे देतो. आणि ते वर्ष माझंच.

तीन दिवस ती आली नाही. चौथ्या दिवशी मी डमडमला गेले. ती दारातच बसली होती, उठली नाही. आत खिळ्याला तो निळा फ्रॉक टांगलेला.

“कागद आणलात?”

“नाही. चुकलं माझं. मला माहीत नव्हतं.”

“तुम्हाला माहीत नाही हे मला माहीत आहे, म्हणून तर तुमच्या तोंडावर काही बोलले नाही. दुसरी कुणी असती तर तोच वरवंटा घातला असता.”

“मी सभेत बोलते. अध्यक्षबाई परत आल्यात.”

“बोला. पण ऐका बौदी,” ती म्हणाली, “पैसे मिळोत की न मिळोत, तो कागद मी देणार नाही. पोरगी जाईल सॉल्ट लेकला, भांडी घासेल. आईने घासली, मी घासली, त्यात नवं काय. पण नवरा जिवंत असताना तोंडातला मासा काढून ठेवायला माझी आईसुद्धा कुणापुढे वाकली नव्हती.”

मुलगी आत बसून अभ्यास करत होती. पुस्तकातून मान वर केली नाही, पण पानही उलटत नव्हती.

एक तारखेला आठ दिवस राहिले होते. सभा होती शनिवारी. घरी यांना सांगितलं तर म्हणाले, “वर्षभरात आपली बदली व्हायची. कशाला लोकांशी वाकडं घेतेस?” मी म्हटलं, “बदली तुमची होते. माझं तोंड तेच राहतं.” तर म्हणाले, “तेच तर भय आहे.” पण शनिवारी हापिसातून लवकर येऊन मुलांना सांभाळलं त्यांनी, ते सांगायला हवं.

सभेला आम्ही सात जणी. अध्यक्षबाई निधी ठेवणाऱ्या गृहस्थांच्या नातसून, सत्तरीच्या, कलकत्त्यातच वाढलेल्या, आणि स्वतः विधवा. कमी बोलायच्या. चिटणीसबाईंनी सांगितलं की अर्जदार बाई अटीला कबूल नाही, तेव्हा अर्ज फेटाळावा आणि दुसऱ्या कुटुंबाचा घ्यावा.

मी उभी राहिले. मला सभेत बोलता येत नाही, आवाज कापतो. मी म्हातारीने सांगितलेलं सांगितलं. माशाचा अर्थ सांगितला. बाजार उठतानाची डोकी आणि काटे सांगितले, तोवर मी स्वतः मासळी बाजारात जाऊन ते डोळ्यांनी पाहून आले होते, नाकाला पदर न लावता. दोन-तीन जणी चुळबुळल्या. चिटणीसबाई म्हणाल्या, “वहिनी, हे आपल्याला माहीत नव्हतं, मान्य. पण ही तर रूढी झाली. अंधश्रद्धा. मुलीच्या शिक्षणासाठी आई एक रूढी सोडू शकत नाही? आपण उलट तिला पुढेच नेतो आहोत.”

“बरोबर,” खजिनदार काकू म्हणाल्या. “मासे न खाल्ल्याने कुणाचा नवरा मरत नाही.”

मी म्हटलं, “हेही खरंच. मग मंगळसूत्र काढल्यानेसुद्धा कुणाचा मरत नाही. आपण सगळ्या पुढारलेल्या. तर आधी आपण काढू. इथे टेबलावर ठेवू, वर्षभर. सोन्याच्या वाट्या आहेत, चांगला भाव येईल, अजून एका कुटुंबाचं भलं होईल. मी सुरुवात करते.”

आणि मी दोन्ही हात मानेमागे मंगळसूत्राच्या फाशाकडे नेले.

मी काढणार होते का? खरं सांगते, मला आजही माहीत नाही. पण हात मानेला लागतो न लागतो तोच खुर्च्या सरकल्या. कुणी “अगंबाई” म्हणालं, कुणी “वेडी झाली का ही”. खजिनदार काकूंनी डोळेच मिटले. आणि अध्यक्षबाईंनी शेजारून माझं मनगट धरलं. म्हाताऱ्या हाताला एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

“खाली घे हात,” त्या म्हणाल्या.

“घेते. पण बघा, नुसता हात मानेकडे गेला तर तुम्ही माझं मनगट धरलंत. तिचं कुणी धरलं? मी तर तिच्यापुढे लिहिलेला कागद ठेवला आणि अंगठा मागितला.”

अध्यक्षबाईंनी माझं मनगट सोडलं नव्हतं. त्या चिटणीसबाईंकडे वळल्या. “माझं मंगळसूत्र काढून झालंय. माझ्या चुलत सासूबाईंनी काढलं, माझ्या हातांना जमेना. कागद द्या इकडे.”

कागद त्यांनी वाचला, घडी घातली, आपल्या पिशवीत टाकला. तो फाडलासुद्धा नाही. “हा मला कुणी दाखवला नव्हता,” एवढंच म्हणाल्या.

अट गेली. पण तुम्हाला वाटत असेल की सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि एकमताने मंजूर झालं, तर तसं काही नाही. खजिनदार काकूंनी दुसराच मुद्दा काढला: खानावळीत मासे शिजणार, म्हणजे मंडळाच्या पैशाने मासे शिजणार. ज्या गृहस्थांनी निधी ठेवला ते त्रिकाळ संध्या करणारे. त्यांच्या आत्म्याला काय वाटेल?

अध्यक्षबाई म्हणाल्या, “आजेसासरे कलकत्त्यात आले तेव्हा बावीस रुपयांवर कारकून होते. दोन वर्षं बंगाल्यांच्या मेसमध्येच जेवत होते.”

“ते तिथे मासे खात असतील असं म्हणायचंय तुम्हाला?”

“ते कधी बोलले नाहीत. आम्हीही कधी विचारलं नाही. तब्येत मात्र चांगली होती.”

त्यावर समोरच्या दोघी हसल्या आणि हसल्यामुळेच, मला वाटतं, काम झालं. हात वर केले तेव्हा चार बाजूने, तीन विरुद्ध. चिटणीसबाई विरुद्ध. पण निघताना त्या जिन्यात मला म्हणाल्या, “मी माझं मत बदललं नाही. पोटाला चिमटा हवाच. पण चेक मी उद्याच लिहून घेते, एक तारीख जवळ आली.” आणि खरंच सोमवारी त्यांनी शाळेच्या मधल्या सुट्टीत येऊन चेक माझ्या हातात दिला. इतिवृत्तात ती ओळही त्यांनीच लिहिली. दोन्ही कामं त्यांनी चोख केली.

चेक देण्याचा समारंभ असायचा, हळदीकुंकवाच्या दिवशी, फोटो काढून. डमडमवाली म्हणाली, “फोटो नको. देणार असाल तर इथे द्या.” मी तिथे दिला, त्याच दारात. तिने चेक हातात घेऊन उलटसुलट बघितला, मग मुलीला दिला. मुलीने तो मोठ्याने वाचला, आकडा आधी आणि मग अक्षरी. आईने पुन्हा वाचायला लावला.

मग तिने खिळ्यावरचा निळा फ्रॉक काढला. मुलीने तो एकदाही अंगाला लावला नव्हता. तिने तांब्यात निखारे घालून त्याला इस्त्री केली, कॉलरसकट, आणि वर्तमानपत्रात गुंडाळला. “चला बौदी, तुम्हीही. तुमचं पातळ बघून आत तरी घेतील.”

आम्ही दोघी सॉल्ट लेकला गेलो. बस जिथे थांबली तिथून पुढे वाळूतून चालायचं. चपला हातात घेतल्या. घर नवीन, अजून बाहेरून गिलावा नव्हता. बाई दारात आल्या. आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग मागे बघितलं, मुलगी कुठे आहे म्हणून.

“ती येणार नाही,” डमडमवाली म्हणाली आणि पुडकं पुढे केलं.

“म्हणजे? मी एक तारखेची वाट बघतेय. कुठे दुसरीकडे जास्त मिळाले का?”

“शाळेत.”

“शाळेत कामाला लागली?”

“शाळेत शाळेला लागली.”

त्या बाईंनी पुडकं उघडलं. फ्रॉक झटकून बघितला, डाग शोधत असाव्यात. एकही नव्हता. मग चिडून म्हणाल्या, “शिकून कोण मोठी होणार आहे? दोन वर्षांनी येशील माझ्याच दारात.”

मला काहीतरी बोलायचं होतं. माझ्या जिभेवर आलंही होतं, मराठीत, त्या बाईंना कळलं नसतं ते बरंच. पण डमडमवालीने माझ्या कोपराला नुसता हात लावला. तिने आपल्या पांढऱ्या-लाल बांगड्या सारख्या केल्या आणि शांतपणे म्हणाली, “येईन की. एस्प्लनेडला माझं भाताचं दुकान होतंय. तुमच्या साहेबांचं हापिस तिकडेच ना? दुपारी पाठवा. मासे ताजे असतील.”

परत जाताना वाळूतून ती माझ्यापुढे चालत होती, इतकी भराभर, की मला दोनदा “थांब गं” म्हणावं लागलं. ती थांबली नाही. म्हणाली, “बौदी, टोप बघायला आज बाजार उघडा आहे.”

नवरा चार महिन्यांनी इस्पितळातून आला आणि ओट्यापाशी पाण्याच्या पिंपाजवळ बसून गिऱ्हाइकांना पेले भरून द्यायला लागला. आमची बदली झाली तोवर मुलगी मॅट्रिकला बसली होती, आणि मला पुढच्या वर्षी मंडळाच्या कार्यकारिणीवर कुणी घेतलं नव्हतं. त्याचं मला काही नाही. शेवटच्या दिवशी मी त्या ओट्यावर जेवून आले. माझ्यासाठी तिने वेगळ्या टोपात डाळ-भाजी केली होती, माशाचा डाव न लावता, आणि वाढताना मोठ्याने म्हणाली, सगळ्या बाबूंना ऐकू जाईल असं, “या आमच्या बौदी. यांना मी कागद लिहून द्यायला लावलेला नाही, तरी बघा, मासे खात नाहीत.”